गोड म्हणजे कसं गोड?

आमची ही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, त्याला एकोणीस वर्षं झाली. पेशंट बरा झाला की घरचे लोक डॉक्टरांपुढे हात जोडतात, सिस्टरचे आभार मानतात, फार तर वॉर्डबॉयशी दोन शब्द गोड बोलतात. पण तळमजल्याच्या टोकाला, जिथे रक्ताच्या नळ्या येतात, तिथे कोण बसतं हे कुणाच्या गावीही नसतं. हिला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते मला. म्हणून ही हकिगत मीच सांगतो. ती सांगायला बसली तर दोन वाक्यांत उरकून चहा ठेवायला उठेल.

माझं गाड्यांचं गॅरेज आहे. हिला मी घरात मोजपट्टी म्हणतो, तेही तोंडावर. मी ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणून बाहेर पडलो की ती घड्याळ बघते आणि परत आल्यावर ‘तेवीस’ एवढंच म्हणते.

गोष्ट घडली ती एका गुरुवारी. शाळेला सुट्टी होती, सोमवारी शाळेचं नवीन वर्ष सुरू व्हायचं होतं. सकाळी अकराच्या सुमारास ब्रेक तपासायला आलेलं एक गिऱ्हाईक मला हसत हसत म्हणालं, “तुमच्या शाळेच्या हेडबाई आज सकाळीच टाकून आल्या होत्या म्हणे.”

“काय टाकून?”

“अहो, दारू. मुलीच्या ॲडमिशनला माझी बहीण गेली होती. तिने डोळ्यांनी पाहिलं. बाईंना खुर्चीवर धड बसता येईना. आणि एकट्या नाहीत, तो कारकूनही तसाच. दोघंही झोकांड्या खात होते. आता हॉस्पिटलात नेलंय.”

मी पाना खाली ठेवला. हेडबाईंनी मला पाच वर्षं गणित शिकवलंय. त्या वऱ्हांड्यात आल्या की भल्याभल्यांची बोबडी वळायची. मी आठवीत नापास झालो तेव्हा बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “तुला पुस्तकातलं यंत्र कळत नाही, हातातलं कळतं. त्याची लाज वाटू देऊ नकोस. फक्त अपूर्णांक सोडू नकोस.” मी सोडले नाहीत. त्या बाई सकाळी दहा वाजता दारू पिऊन शाळेत येतील? सूर्य पश्चिमेला उगवला असं कुणी सांगितलं असतं तर मी एकदा बाहेर जाऊन बघून तरी आलो असतो. यावर तेही करायची गरज नव्हती.

पण गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? तासाभरात आणखी दोघांनी मला तेच ऐकवलं, आणि दरवेळी बाटल्या वाढत गेल्या.

तिकडे हॉस्पिटलात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, थोडं हिच्याकडून, थोडं बाईंच्या मुलाकडून. मुलानेच दोघांना आणलं होतं. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरने बाईंच्या तोंडाशी वाकून वास घेतला. दारूचा वास नव्हता. तरी बाईंची जीभ जड झालेली, मध्येच हसत होत्या, विचारलं एक तर उत्तर भलतंच. मागून कुणीतरी ‘दारूची केस’ म्हणालं. मुलगा म्हणतो, त्या क्षणी मला वर बघता आलं नाही. आई निर्दोष आहे हे ठाऊक असूनही मान खाली गेली, याचंच त्याला जास्त वाईट वाटत होतं.

डॉक्टरने रक्तातली दारू तपासायला पाठवली. हिने तपासली. शून्य. कारकुनाची पाठवली. तीही शून्य. मग मेंदूचा स्कॅन झाला, तो स्वच्छ. आणि बारानंतर बाईंचा श्वास भराभर चालू लागला, चार जिने चढून आल्यासारखा.

वॉर्डात एक छोटं यंत्र असतं. रक्ताचे चार थेंब घातले की दोन मिनिटांत आकडे देतं. त्याने सांगितलं की रक्त आंबट झालंय, म्हणजे त्यात आम्ल फार साठलंय, आणि लॅक्टेट अठरा आहे. शरीराच्या एखाद्या भागाला रक्त पोचेनासं झालं की हे लॅक्टेट वाढतं. माणसाचं असतं दोनच्या आत. अठरा म्हणजे पोटात आतडं मरत असणार, असा अंदाज निघाला. सर्जनला बोलावलं. पोट उघडायची तयारी सुरू झाली.

आणि त्याच वेळी त्याच रक्ताचा लॅबमधला आकडा आला. दोन पूर्णांक चार.

तरुण डॉक्टरने खाली फोन लावला. “ताई, तुमचा रिपोर्ट चुकलाय. इथे अठरा येतंय.”

“माझ्याकडे दोन पूर्णांक चार आहे, सर.”

“तेच तर म्हणतोय. नळी बदलली असेल. नाहीतर तुमचं यंत्र बिघडलंय. मी वरचाच आकडा धरतो, वेळ नाहीये.”

आता इथे दुसरं कुणी असतं तर ‘बरं सर’ म्हणून मोकळं झालं असतं. डॉक्टर म्हणतोय ना, मग त्याची जबाबदारी. ही म्हणाली, “सर, दहा मिनिटं द्या. तोपर्यंत पोट उघडू नका.” आणि फोन ठेवून तिच्या लक्षात आलं की आपण डॉक्टरला काय करू नका ते सांगितलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

तिने आधी यंत्रच तपासलं. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं सॅम्पल तिने यंत्रात घातलं. उत्तर बरोबर आलं. मग बाईंच्या नळीवरचं नाव, नंबर, वेळ पाहून तेच रक्त पुन्हा लावलं. दोन पूर्णांक चार. मग तिला कारकुनाची नळी आठवली. त्याचं वॉर्डातलं लॅक्टेट होतं नऊ, हिच्याकडे आलं दीड. एकाची नळी बदलू शकते. दोघांची एकाच दिवशी, एकाच दिशेने?

ही मला नेहमी म्हणते, दोन साक्षीदार वेगवेगळं बोलले की एक खोटं बोलतोय असं लोक लगेच धरतात. पण कधी कधी दोघं खरं बोलत असतात, फक्त प्रश्न वेगवेगळा ऐकत असतात. तिथे उभ्या उभ्या तिला आठवलं की वॉर्डातल्या यंत्रांपैकी काहींना एक खोड असते. लॅक्टेटसारखंच दिसणारं दुसरं एक आम्ल समोर आलं तर ते त्यालाही लॅक्टेट समजतं. जुळ्या भावांत गोंधळणाऱ्या मास्तरासारखं. लॅबचं मोठं यंत्र दोघांना वेगळं ओळखतं. आणि ते दुसरं आम्ल रक्तात यायला एकच मोठं कारण लागतं. माणसाने ग्लायकॉल प्यायलेलं असणं. म्हणायला तेही अल्कोहोलच, दारूचं विषारी भावंड. पण दारूच्या तपासणीत सापडत नाही, तोंडाला वास येत नाही, आणि झिंग मात्र दारूसारखीच चढते.

लॅबच्या कोपऱ्यात एक यंत्र आहे, ते महिनोन्‌महिने कुणी मागत नाही. ते रक्ताचा पातळ भाग गोठवून बघतं. रक्तात जितकं काही जास्त विरघळलेलं, तितकं ते शून्याच्या अधिक खाली गोठतं. त्यावरून एक आकडा निघतो. तोच आकडा मीठ, साखर आणि युरियावरून कागदावरही काढता येतो. दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत. बाईंचा कागदावर आला दोनशे चौऱ्याण्णव. यंत्राने दिला तीनशे एकसष्ट. सदुसष्टचा फरक. रक्तात काहीतरी होतं, आणि ते काय हे कुणी विचारलेलंच नव्हतं.

शेवटी तिने लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पत्राच्या पाकिटासारखे, चौकोनात फुली मारलेले खडे, सगळीकडे पसरलेले. ग्लायकॉलचं शरीरात शेवटी जे होतं त्याचेच ते खडे. ते मूत्रपिंडात अडकतात आणि मूत्रपिंड बंद पडतं.

ही कागद घेऊन निघाली. लिफ्टची वाट बघितली नाही, तीन जिने चढली. वर पोचली तेव्हा बाईंना ऑपरेशनला न्यायची ट्रॉली दारात लागली होती. सर्जन होते, तरुण डॉक्टर होता, आणि मेडिसिनच्या मोठ्या मॅडम नुकत्याच आल्या होत्या. हिचा श्वास लागलेला. मॅडम म्हणाल्या, “तुम्ही कोण?”

“लॅबमधून आलेय. लॅक्टेट खरं नाहीये, मॅडम. तुमचं यंत्र बिघडलेलं नाही आणि माझंही नाही. दोघांच्या आकड्यांतला फरक हाच रिपोर्ट आहे.”

आणि तिने कागद पुढे केला. मॅडमनी वाचला. सर्जन घड्याळाकडे बघत होते. मॅडमनी दुसऱ्यांदा वाचला आणि तरुण डॉक्टरला विचारलं, “गोठणबिंदूची ही तपासणी कुणी मागवली?”

तो म्हणाला, “मी नाही मागवली.”

“मीच केली,” ही म्हणाली. “न विचारता.”

“बरं केलंत. ट्रॉली मागे घ्या.”

मग मॅडमनी बाईंच्या मुलाला जवळ बोलावलं. “तुमच्या आईच्या पोटात ग्लायकॉल गेलंय असं दिसतंय. इंजिन थंड राहावं म्हणून गाडीत घालतात ते कूलंट. घरात, शाळेत कुठे आहे का?”

मुलगा म्हणाला, “आमच्याकडे गाडीच नाही. आई घरून चहा पिऊन निघते आणि दिवसभर शाळेतलं पाणी पिते. दुसरं काहीही नाही.”

कारकून पलीकडच्या कॉटवर होता. त्याची तब्येत बाईंपेक्षा बरी होती. तो डोळे मिटूनच बोलला, “शाळेच्या नळाचं पाणी आहे. गोड आहे.”

कुणी लक्ष दिलं नाही. चांगल्या पाण्याला आपण गोडच म्हणतो, त्यात काय ऐकायचं? पण ही मोजपट्टी आहे. ती त्याच्या कॉटजवळ गेली आणि वाकून विचारलं, “गोड म्हणजे कसं गोड? म्हणजे चांगलं की साखर घातल्यासारखं?”

कारकुनाने डोळे उघडले. “साखर घातल्यासारखं. मी बाईंना म्हटलंसुद्धा. त्या म्हणाल्या, फुकटचं सरबत आहे, प्या.”

पुढची गोष्ट सांगताना बाईंचा मुलगा अजून हसतो. मॅडमनी त्याला समजावलं की ग्लायकॉल स्वतः फारसं घातक नाही. शरीर त्याचं रूपांतर करतं, ते विष. आणि हे रूपांतर करणारी यंत्रणा एकच आहे. साधी दारू दिली की ती यंत्रणा आधी दारूच्या मागे लागते, ग्लायकॉल बाजूला पडून राहतं, आणि तेवढ्यात डायलिसिसने ते धुऊन काढता येतं. यावरचं खास औषध हॉस्पिटलात नव्हतं, ते मागवायला दिवस गेला असता. “म्हणून नाकातल्या नळीवाटे मोजून दारू द्यावी लागेल,” मॅडम म्हणाल्या. “तुमची परवानगी हवी.”

सकाळपासून जो मुलगा ‘माझी आई दारूला शिवत नाही’ असं प्रत्येकाला सांगत होता, त्याने दारूच्या कागदावर सही केली. म्हणाला, “शुद्धीवर आल्यावर तिला तुम्हीच सांगा. माझी हिंमत नाही.”

मला हिचा फोन आला तेव्हा दीड वाजला होता. ही कामावरून फोन करत नाही, त्यामुळे मी घाबरलोच.

“अहो, शाळेच्या पिण्याच्या पाण्यात कूलंट कसं जाईल?”

“जाणार नाही,” मी म्हटलं. “कूलंट गाडीत असतं.”

“गाडी सोडून आणखी कुठे असतं?”

मी म्हटलं, “थंड हवेच्या मोठ्या प्लांटमध्ये असतं. पाइपातलं पाणी गोठू नये, गंजू नये म्हणून घालतात.”

“शाळेत असा प्लांट आहे?”

होता. महिन्याभरापूर्वीच गच्चीवर बसवला होता, संगणकाच्या नव्या दालनासाठी. मीच त्याची मोठी पेटी क्रेनने चढताना रस्त्यात उभा राहून पाहिली होती.

“जा,” ती म्हणाली. “आणि तिथलं पाणी तोंडाला लावू नका. तुम्हाला चव घेऊन बघायची सवय आहे.”

मी शाळेत पोचलो तेव्हा शिपाई फाटकावरच होता. तो घरून बाटली आणतो म्हणून वाचला होता. ऑफिसातला नळ सोडून मी पाणी काचेच्या बाटलीत धरलं. बाई आणि कारकून स्टीलच्या पेल्यातून पीत, म्हणून त्यांना रंग दिसला नसणार. काचेत किंचित हिरवट झाक होती. माझ्याकडे गळती शोधायचा जांभळा दिवा असतो. कूलंटमध्ये रंग घातलेला असतो, तो त्या दिव्याखाली चमकतो. शिपायाने ऑफिसचे पडदे ओढले, मी दिवा लावला. बाटली काजव्यासारखी हिरवी उजळली.

गच्चीवर गेलो. ज्या कुणी प्लांट बसवला त्याने तो भरायचा पाइप सरळ पिण्याच्या लाइनला जोडला होता, मध्ये उलट वाहणं अडवणारी झडपच नव्हती. मंगळवारी पंप सुरू केला, नळाचा दाब कमी झाला, आणि प्लांटमधलं पाणी मागे ढकललं गेलं. ऑफिसचा नळ त्या लाइनवर सगळ्यात जवळ होता. पुढे तीच लाइन मुलांच्या टाकीकडे जात होती. टाकी सोमवारसाठी भरायची होती, दोनशे चाळीस मुलांसाठी. मी प्लांट बंद केला, मुख्य कॉक फिरवून लाइन बंद केली, शिपायाला प्रत्येक नळाला चिंधी बांधायला लावली आणि बाटली घेऊन हॉस्पिटलात गेलो. हिने ती गोठणबिंदूच्या यंत्रात लावली. साधं पाणी शून्यावर गोठतं. हे गोठायलाच तयार नव्हतं.

ती एवढंच म्हणाली, “हं.” पण मी नवरा आहे. त्या ‘हं’मध्ये काय होतं ते मला कळतं.

कारकून तिसऱ्या दिवशी घरी गेला. बाईंचं अवघड होतं. तीन वेळा डायलिसिस झालं, लघवी आठवडाभर जवळजवळ बंद होती, आणि पुरतं पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले. शुद्धीवर आल्यावर मॅडमनीच त्यांना सगळं सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे शेवटी पाजलीतच मला. किती?”

मॅडमनी आकडा सांगितला.

“वजनाच्या हिशोबाने दिलीत ना? अंदाजाने नाही ना?”

मग त्यांनी विचारलं की हे शोधलं कुणी. हिला वर बोलावलं गेलं. मीही मागोमाग गेलो. बाईंनी आधी मला ओळखलं.

“अरे, तू? ही तुझी बायको?”

“हो बाई.”

“चांगली मिळवलीस. गणितात नापास झालास, तरी निवड बरोबर केलीस.” मग हिचा हात धरून त्या म्हणाल्या, “मुली, मी मेले असते तर एक वेळ चाललं असतं. पण दारू पिऊन मेले असं लोकांनी म्हटलं असतं, ते मला मेल्यावरही सहन झालं नसतं. आणि सोमवारी ती पोरं…”

गावातल्या बाटल्या चोवीस तासांत आटल्या. आधी हसणारं ते गिऱ्हाईक माझ्याकडे आलं आणि म्हणालं, “मला तेव्हाच वाटलं होतं, बाई तशातल्या नाहीत.” मी त्याचे ब्रेक नीट केले आणि बिल हातात दिलं.

दोन महिन्यांनी हॉस्पिटलच्या मोठ्या सभागृहात डॉक्टरांसाठी या केसवर व्याख्यान ठेवलं. मॅडमनी हिला सांगितलं, लॅबचा भाग तुम्ही बोलायचा. ही चार दिवस नीट जेवली नाही. एकोणीस वर्षांत ती त्या सभागृहात एकदाही गेली नव्हती. तिथे लॅबवाल्यांना कोण बोलावतो? त्या दुपारी मी गॅरेज बंद ठेवलं, नखांतलं ग्रीस घासघासून काढलं आणि मागच्या रांगेत जाऊन बसलो.

तिने सुरुवातीला इतक्या हळू बोलायला घेतलं की पुढच्या रांगेतून आवाज वाढवायला सांगितलं. मग दोन यंत्रांचे आकडे पडद्यावर आले, आणि आकडे दिसल्यावर हिची भीती गेली. शंभरएक डॉक्टर वह्यांत लिहून घेत होते. शेवटी एका विद्यार्थिनीने विचारलं, “मॅडम, डॉक्टरांनी तुमचा रिपोर्ट चूक ठरवल्यावर तुम्हाला भीती वाटली नाही?”

ही म्हणाली, “वाटली ना. पण माझ्या नळीवर बाईंचं नाव होतं. नळी माझ्या हातात होती तोवर त्या माझ्या पेशंट.”

तिला कुणीतरी ‘मॅडम’ म्हटलं होतं. ते तिच्या लक्षात आलं नसावं, माझ्या आलं. मग तो तरुण डॉक्टर उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “रिपोर्ट चुकलाय असं म्हणणारा मीच. आता मी वेगळा आकडा आला की आधी खाली फोन करून विचारतो.” टाळ्या सुरू झाल्या. मी सगळ्यांत शेवटपर्यंत वाजवत राहिलो, तेव्हा शेजारच्या माणसाने माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्ही ओळखता का यांना?”

“माझी बायको आहे,” मी म्हटलं. हे सांगताना माझा आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण पुढच्या दोन रांगांनी मागे वळून पाहिलं, आणि व्यासपीठावरून हिनेही.